वड्याकडचं भात

माळवाडी, ता. चंदगड
२० जुलै १९७०

किस्ना,

तुझी आक्का बोलतीया आन् माझी बया लिवतीया. अक्षर तिचं, बोलणं माझं, तवा राग आला तर माझ्यावर काढ.

आम्ही मायलेकी बऱ्या हाय. पाऊस आठ दिवस उघडीप द्यायला तयार न्हाय. तू बोर्डिंगात वेळेवर जेवतोस का नुसती पुस्तकं चावतोस? आई गेली तवा तू माझ्या कडेवर हुतास. तवापासनं तुझ्या पोटाची काळजी माझ्याकडंच हाय. बयाचा बा गेल्यापासनं घरात पुरुषमाणूस म्हणून तूच, मग तू कोल्हापुरात का असंनास.

झालं असं, की बेंदराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पिराजीचा पवळ्या बैल दावं तोडून आपल्या वड्याकडच्या, पाण्यालगतच्या शेतात शिरला. सकाळी जाऊन बघते तर गडी मधोमध उभा, शिंगाला अजून बेंदराचा रंग, आन् अख्खं भात चरून टाकलेलं. दीड वीत झालं हुतं, ते चार बोटं राहिलं. मी बोंब मारली. पिराजी पळत आला, बैलाला दोन हाणल्या आन् माझ्यापुढं हात जोडले. म्हणाला, "धोंडुबाई, चूक माझी. पर घोर करू नको, पंधरा दिसांत येतंय की परत." मलाबी तसंच वाटतंय. लहानपणी म्हसरांनी खाल्लेलं भात आलेलं मी बघितलंय.

आन् बोलणार तरी काय? बयाचं लगीन त्याच्याच ज्ञानूसंगं ठरलंय. सुपारी फुटलीया, दिवाळी झाली की बार उडवायचा. सोयऱ्याचा बैल कोंडवाड्यात घातला असता तर गावानं तोंडात शेण घातलं असतं.

तू झाडापाल्याचंच शिकतोस म्हणून आपलं कानावर घातलं. तुला काय वाटतं ते लिव.

तुझी आक्का

(मामा, माझा नमस्कार. ज्ञानूनं बी दुसऱ्या दिवशी येऊन फुटलेला बांध नीट करून दिला. हे आईनं लिवायला सांगितलेलं न्हाय. बया.)


कोल्हापूर
२४ जुलै १९७०

ती. आक्का,

पायांवर डोकं ठेवतो.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. याच आठवड्यात आम्हाला वनस्पतीच्या वाढीच्या ऊतीचा धडा झाला. ऊती म्हणजे एकाच कामाला लागलेल्या पेशींचा समूह. आपण समजतो झाड सगळीकडून वाढतं. तसं नसतं. वाढणाऱ्या पेशी ठरावीक जागीच असतात, आणि त्यातली मुख्य जागा म्हणजे शेंडा.

मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचा काप पाहिला. काय सांगू तुला! खालच्या जुन्या पेशी मोठ्या, पोकळ, मध्ये नुसत्या पाण्याच्या पिशव्या. त्यांचं काम ठरून गेलेलं. पण शेंड्यावरच्या पेशी बारीक बारीक, भिंती इतक्या पातळ की दिसता दिसत नाहीत. आत दाट रस गच्च भरलेला आणि प्रत्येकीच्या मधोमध भलंमोठं केंद्रक. दोन पेशींत सुई शिरायला जागा नाही. याच पेशी सारख्या दुभागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. रोपाची सगळी वाढ त्यांच्या जिवावर.

आता तूच विचार कर. बैलानं शेंडे खाल्ले म्हणजे त्या पेशी बैलाच्या पोटात गेल्या. मागे राहिलं ते खुंट. त्यातून भात येणार कुठून? वड्याकडचं भात मेलेलं आहे. हे मी नाही, शास्त्र सांगतं.

लहानपणी तू जे पाहिलंस ते दुसरं काही उगवलं असेल, तण वगैरे. आणि पिराजीमामा "येतंय की परत" म्हणतात ते आपल्या बैलाची चूक झाकायला. असल्या गोड बोलण्याला भुलू नकोस. ज्या घरात बयाला द्यायची त्या घरातली माणसं शब्दाला कशी आहेत, हे आताच पाहून घे. माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

मी वेळेवर जेवतो.

तुझा कृष्णात


माळवाडी
३१ जुलै १९७०

किस्ना,

तुझा कागद पोचला. बयाकडनं तीनदा वाचून घेतला. पेशींचं अर्धं कळलं. चंदगडच्या एसटीत बाजारच्या दिवशी माणसं बसत्यात तशा त्या बसत्यात, एवढं ध्यानात आलं.

पर माझं डोस्कं गरगरायला लागलंय बघ. हात सांगतोय भात येतंय, भाऊ सांगतोय मेलं. मी म्हणलं, धोंडे, तू चौथीबी शिकली न्हाईस, त्यानं भिंगातनं बघितलंय. मग तूच खरा.

सोमवारी रवळनाथाच्या देवळात चार माणसं बसली हुती. मी बयाला उभं केलं आन् तुझा कागद वाचायला लावला. पिराजी तिथंच हुता. सगळं ऐकून घेतलं आन् हसला. म्हणाला, "पोरगं पुस्तकातलं बोलतंय. अजून बांधावर उभं राहिलेलं न्हाय." असा राग आला मला! म्हणलं, "माझ्या भावाला खोटं पाडतोस व्हय? तू खोटा, तुझा बैल खोटा!" बैल कसा खोटा असंल ते मलाबी आता कळंना, पर तोंडातनं गेलं. गडी उठला. म्हणाला, "ज्या घरात माझा शब्द खोटा, त्या घरात माझं पोरगं देणार न्हाय. सोयरीक मोडली म्हणून समज."

मोडली तर मोडली. माझ्या भावावर कुणी हसायचं काम न्हाय. पर आता गावातला जो तो रोज वड्याकडं वाकून बघतोय, कोण खरं ठरतंय म्हणून.

बया दोन दिवस बोलंना झालीया. पोटात दुखतंय म्हणती.

तुझी आक्का

(मामा, माझ्या पोटात काय दुखत न्हाय. चारचौघांत तो कागद मीच वाचला. मोठ्यानं वाच, मोठ्यानं वाच, म्हणून आई ओरडत हुती. बया.)


कोल्हापूर
५ ऑगस्ट १९७०

ती. आक्का,

तुझं पत्र पोचलं. मी लिहिलं ते भाताबद्दल. सोयरीक मोडेपर्यंत गोष्ट जाईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

एक गोष्ट विचारायची आहे. काल मी सरांना सहज म्हणून विचारलं, बैलानं खाल्लेलं भात परत येतं का? सर हसायलाच लागले. मला खिडकीपाशी नेलं आणि मैदान दाखवलं. म्हणाले, "हे गवत माळी दर आठवड्याला कापतो. मेलं का?" मग ते म्हणाले, की शेंड्याचा नियम खरा आहे, पण गवताच्या जातीत तो शेंडाच खाली बसलेला असतो, पार मुळाजवळ, पानांच्या आवरणात लपून. शिवाय प्रत्येक पानाच्या बुडाशीही वाढणाऱ्या पेशींची एक पट्टी असते. पान वर ढकललं जातं ते खालून. वर दिसतं ते नुसतं पान. भातही गवताच्याच जातीचं. हा धडा म्हणे पुढच्या महिन्यात आहे.

तेव्हा थोडी नवीन माहिती मिळाली आहे एवढंच. माझं पहिलं पत्र अगदीच चूक होतं असं नाही, पण शेताकडे एकदा नीट बघ. काही हिरवं आलंय का? आलं असेल तर लगेच कळव. मग पुढचं ठरवू.

बयाला म्हणावं मामा विचारतोय.

तुझा कृष्णात


माळवाडी
११ ऑगस्ट १९७०

किस्ना,

न्हाय आलं. तू म्हणालास तसंच झालं. शेत बोडकं पडलंय.

तुझे सर काय म्हणत्यात त्याच्याशी मला करायचं न्हाय. उगी कालवा नको. तू लिवलंस ते खरं ठरलं, गावानं बघितलं. काल देवळापुढनं जाताना मान वर करून गेले. आता कुणी म्हणूदे पोरगं पुस्तकातलं बोलतंय म्हणून.

तू अभ्यास कर. बयाला दुसरी स्थळं येतील. पावसानं गोठ्याची एक बाजू बसलीया, बाकी ठीक.

तुझी आक्का


कोल्हापूर
१५ ऑगस्ट १९७०

आक्का,

मला झोप नाही. तू म्हणतेस आलं नाही, आणि सर म्हणतात यायलाच पाहिजे. आणि मी तर तुझं पत्र यायच्या आधीच स्वतः करून बघितलंय.

बोर्डिंगातल्या एका मित्राचे वडील, गणपतराव, उचगावात भात करतात. त्यांच्या पाया पडून दहा रोपं मागून घेतली. जिथं बैलाचं तोंड पोचेल तिथं ब्लेडनं कापली. पाचव्या दिवशी जाऊन बघतोय तर दहाच्या दहा रोपांना चार-चार बोटं नवीन पान! गणपतराव म्हणाले, "यात बघायचं काय ते? शेळी खाती की दर वर्षी." एवढंसं तोंड झालं माझं.

मग एक रोप उपटून उभं चिरलं आणि कॉलेजात नेऊन बुडाचा काप भिंगाखाली धरला. त्याच पेशी, आक्का! मी शेंड्यावर बघितल्या त्याच. बारीक, पातळ भिंतीच्या, रसानं भरलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या, एकमेकींना चिकटून. सगळ्या मुळापासून बोटभर अंतरावर. बैल त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही.

मग आपलंच भात का आलं नाही? माती वेगळी आहे का? कीड लागली का? मुळं कुजली का? की मला दिसतं तेच खोटं? माझा शास्त्रावरचाच विश्वास उडायची वेळ आलीया. सर म्हणाले एक रोप मुळासकट मागव. तेवढं कर. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरकडं दे, मी स्टँडवर उभा राहतो.

आणि हे नीट ऐक. सर म्हणतात, भात पोटरीला येऊ लागलं, म्हणजे दांड्याच्या पोटात लोंबी धरू लागली, की खालचा शेंडा दांड्याबरोबर वर चढतो. मग मात्र कापलं की तो दांडा खरंच मरतो. आता तोच दिवस जवळ आलाय. तेव्हा चुकून काही उगवलं असेल तर त्याला जनावर लागू देऊ नकोस.

बयानं या खेपेला पत्राखाली काही लिहिलं नाही. असं का?

तुझा कृष्णात


माळवाडी
१९ ऑगस्ट १९७०

मामा,

हे मी माझ्या मनानं लिवतेय. आई दळण आणायला गेलीया. कंडक्टरकडं फडक्यात रोप दिलंय. आई म्हणाली हुती, सांग पाठवायला रोपच न्हाय. रोप हाय, मामा. अख्खं शेत हाय.

भात दहाव्या दिवशीच आलं. एवढं हिरवंगार आलं की बघत बसावं. आई बांधावर उभी राहिली ती कितीतरी वेळ. मला वाटलं आता हसंल. ती घरी आली, विळा घेतला आन् कापायला लागली. कापलेलं सगळं म्हशीपुढं टाकलं. मला म्हणाली, "कुणाला बोललीस तर बघ. माझ्या भावाचा कागद देवळात वाचलाय." तवापासनं दर तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाती आन् कापून येती. तिसऱ्या दिवशी भात परत वर. परवा बांधावर बसून रडली. म्हणाली, "ह्या भातानं माझ्याशी वैर धरलंय." वड्याच्या बाजूनं काट्यांची झाप लावलीया, कुणाला दिसू नये म्हणून.

पाठवलेल्या रोपाचं टोक बघा. बैलानं खाल्लं की फाटतं, हे सरळ कापलंय.

ते "न्हाय आलं" मीच लिवलं, मामा. माझ्या हातानं खोटं लिवलं म्हणून खाली माझं नाव घालायची लाज वाटली.

आन् तुम्ही ते पोटरीचं लिवलं ते मी तिला वाचून दाखवलं. मला वाटलं आता तरी थांबंल. तर म्हणाली, "म्हंजे अजून थोडे दिवस कापलं की मरतंय म्हण. बरं झालं. किस्नाचा शब्द एकदाचा खरा हुईल." मामा, तिनं भात वाचवायचं सोडून मारायचं कसं तेच तुमच्या कागदातनं घेतलं. वरचे दोन वाफे पोटरीला आल्यागत दिसत्यात.

आणखी एक लिवते. लाज वाटती पर लिवते. मला ज्ञानूशीच लगीन करायचंय. विहिरीवर दिसतो तवा खाली मान घालून जातो. माझ्याशी बोलत न्हाय, त्याच्या बाची शपथ हाय म्हणं. आई तुमच्यासाठी करती, पिराजीमामा त्येंच्या शब्दासाठी करत्यात, तुम्ही तुमच्या शास्त्रासाठी लिवता. मग माझं काय? मला कुणी इचारलंच न्हाय.

बया


कोल्हापूर
२२ ऑगस्ट १९७०

पिराजीमामांस कृष्णातचा नमस्कार.

हे पत्र मी टपालात न टाकता चंदगडच्या गाडीनं पाठवतोय. मी स्वतः गाडीत बसलो होतो. मग उतरलो. मी आलो तर आक्का मला तोंडावर सांगणार, न्हाय आलं भात, आणि मला तिच्यापुढं तोंड उघडता येणार न्हाय. माझा कागद देवळात वाचला गेला, तेव्हा त्याचं उत्तरही देवळातच वाचलं गेलं पाहिजे. ज्ञानूला मोठ्यानं वाचायला सांगा, फक्त शेवटचं विळ्याचं मागणं सोडून; ते त्यानं तुमच्या एकट्याच्या कानात वाचावं.

मी चुकलो. भाताची वाढ शेंड्यातनं होते असं मी लिहिलं. अर्धा धडा शिकून पूर्ण निकाल दिला. ती वाढ बुडातनं होते. तुम्ही "येतंय की परत" म्हणालात ते शंभर टक्के खरं होतं. मी तुम्हाला न बघता, शेत न बघता, इथं बसून लबाड ठरवलं. त्याबद्दल मी तुमचे पाय धरतो. आक्कानं तुम्हाला जे म्हटलं ते माझ्या भरवशावर म्हटलं. तो दोष तिचा न्हाय, माझा हाय.

हे मला चार तारखेलाच कळलं होतं. तेव्हा लिहायला पाहिजे होतं. मी "थोडी नवीन माहिती मिळाली" असं गुळमुळीत लिहिलं, कारण मला चुकलो म्हणायची लाज वाटली. त्या लाजेपायी सगळं हे झालं.

आता हात जोडून एकच मागणं. हे पोचल्या पोचल्या वड्याकडं जा आणि आक्काच्या हातातला विळा थांबवा. का ते तिथं गेल्यावर कळेल. तिला म्हणावं, किस्ना चुकला हे सगळ्या गावाला कळलंय, आता कापून उपयोग न्हाय.

बयाची सोयरीक माझ्या मूर्खपणावर मोडू नका. मला हवी ती शिक्षा करा.

कृष्णात


माळवाडी
२७ ऑगस्ट १९७०

किस्नातराव पावणं, रामराम.

बोलणार मी पिराजी, लिवणार आमचा ज्ञानू. तुमचा कागद रविवारी पोचला. देवळात वाचून झाला. ज्ञानू इतक्या मोठ्यानं वाचत हुता की मलाच म्हणावं लागलं, बाबा, पुजारी बहिरा न्हाय.

तुमी लिवलंय, वड्याकडं जा, का ते तिथं कळंल. आता माझं ऐका. मला जायची गरज नव्हती. माझी वरची ताल, उंचावरचं वावर, तुमच्या शेताला लागूनच हाय. तुमची आक्का पहिल्यांदा विळा घेऊन उतरली तवाच मी बघितलं. मला वाटलं, बाईचं डोस्कं फिरलं. दुसऱ्या खेपेला बघितलं. तिसऱ्या खेपेला कापून झाल्यावर ती बांधावर बसून रडत हुती, तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. शिकणाऱ्या भावाचं नाव राखायला बाई स्वतःच्या तोंडचा घास कापतीया.

मी कुणाला बोललो न्हाय. ज्ञानूलाबी न्हाय, तो हे आता लिवताना ऐकतोय आन् माझ्याकडं डोळे वटारून बघतोय.

माझा राग म्हणशील तर दोन दिसांत गेला हुता. राग जायला काय लागतं? पर सोयरीक परत जोडायची कशी? जोडायची तर मी खरा ठरायला पायजे, आन् मी खरा ठरलो की तिचं कापणं गावापुढं उघडं पडतंय. गप्प बसावं तर पोरांचं वाटोळं. बोलावं तर तिचं. महिनाभर मी असा मधल्या मधी अडकून पडलतो. तुमी "चुकलो" म्हणालात आन् गाठ सुटली. एवढंच पायजे हुतं की वो!

कागद वाचून झाल्यावर मी थेट वड्याकडं गेलो. ती शेतातच हुती. मी म्हणलं, "धोंडुबाई, भाऊ चुकलो म्हणतोय, देवळात वाचलं." तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भाताकडं बघितलं, आन् मला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या शिव्या दिल्या, की पवळ्या बैलसुदिक कान टवकारून ऐकत हुता. मग विळा माझ्या पायाशी फेकला आन् घरी गेली.

वरचे दोन वाफे गेले. ते लौकर पोटरीला आलते, तुमच्या सरांचं खरं निघालं. बाकीचं शेत वाचलं. उशिरानं येईल, पर येतंय.

आता सोयरीक. तुमी शिक्षा मागितली. ही घ्या. आपल्या माणसासाठी असं करणाऱ्या घरातली पोरगी मला माझ्या घरात पायजेच. दिवाळीनंतरची तारीख धरा. अक्षता टाकायला तुमी पुढं पायजे, परीक्षा फिरीक्षा सांगायची न्हाय.

पिराजी

(मामा, वरचं सगळं बाबांचं. मी फक्त शुद्ध करायला बघत हुतो, तर म्हणाले जसं बोलतो तसंच लिव. ज्ञानू.)


माळवाडी
१ सप्टेंबर १९७०

किस्ना,

तुझ्याशी मी बोलणार नव्हते. चार दिवस बोलले न्हाय. बया म्हणाली, आता बास की, मामा वाट बघत असंल. म्हणून बसलेय.

कशाला लिवलंस तसं? चारचौघांत स्वतःच्या हातानं स्वतःला मूर्ख लिवलंस! त्या कागदासाठी मी महिनाभर अंधारात उठून वड्यात उतरले. पाय चिखलात, पाठीवर पाऊस, हात कापून निघाले. आन् तू एका कागदानं सगळं पाण्यात घातलंस. ऐकलं तवा असं वाटलं की तुला धरून बडवावं.

मला ठाऊक हुतं रे तू चुकलास. दहाव्या दिवशी भात वर आलं तवाच कळलं. त्याच्या आधीबी ठाऊक हुतं, लहानपणापासनं बघितलंय मी. पर आपल्या घरात आजवर कुणी कागदावर लिवणारा नव्हता. पहिल्यांदा माझ्या भावाचा कागद देवळात वाचला गेला आन् तोच खोटा निघावा? मला ते सोसंना. मी म्हणलं, भात मेलं तरी चालंल. बयाचं लगीन डोळ्याआड झालं. हे मी आता बोलतीया तर बया लिवायची थांबलीया आन् पदरानं डोळे पुसतीया. मला माफ कर असं मी तिला तोंडानं म्हणणार न्हाय, तूच लिव तिला.

पिराजीनं मला कापताना बघितलं हुतं म्हणं. एकदा न्हाय, तीनदा. ते ऐकून जमीन फाटावी असं झालं. मी त्याला लबाड म्हणलं आन् तो माझी लाज झाकत बसला हुता. काल त्याच्याकडं गेले. म्हणाला, "धोंडुबाई, चा घे." घेतला. तारीख धरून आले. कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी.

वड्याकडं आज सकाळी विळा न घेता गेले. भात गुडघ्याला लागतंय. वरच्या दोन वाफ्यांत मात्र काळे खुंट उभे हायत. तिथं बसले थोडा वेळ. ते माझ्या हातानं मेले, बैलानं न्हाय.

तू गणपतीला येत न्हाईस म्हणून कळवलंस, लाज वाटती म्हणून. येऊ नकोस तर! देवळातल्या म्हाताऱ्यांनी मला काल धरलं. मला वाटलं हसतील. म्हणाले, "तुझा भाऊ कोल्हापुरात राहून चुकलो म्हणतोय. आमच्यातलं कोण म्हणतंय ते?" रडायला आलं, मग हसायला आलं. तवा कागद पोचला की पहिल्या गाडीनं ये. पेशीबिशी काय ते येऊन आम्हाला सांग, बयालाबी ऐकायचं हाय.

आन् एक. जे ठाऊक न्हाय तिथं "ठाऊक न्हाय" असं लिवत जा. तेबी मी देवळात वाचून दाखवीन, मोठ्यानं.

तुझी आक्का